आत्यानं आम्हाला वेगवेगळं बसवलं

मालूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी एम. पी. नगरच्या सिग्नलला उभा होतो. मनात आलेला पहिला विचार दुःखाचा नव्हता... माझ्या बायकोनं तेव्हा आत्याला बंद दाराआड काय सांगितलं, ते आता मला कधीच कळणार नाही! संशयी माणसाला रडूसुद्धा सरळ येत नाही.

आत्या पॅथॉलॉजीची डॉक्टर, शाहपुऱ्यात तिची छोटी लॅब. माझी बायको वैशाली गरोदर होती तेव्हा दुसरीकडे केलेल्या नेहमीच्या तपासण्यांत तिची सिफिलिसची, म्हणजे गुप्तरोगाची, चाचणी पॉझिटिव्ह आली. घरात सन्नाटा! मी कामासाठी सारखा इंदूरला, म्हणून ती माझी बॅग उचकायची. मी तिचा फोन. एकदा माझ्या शर्टाची कॉलर हुंगताना मी तिला पकडलं. पण मीही नुकताच तिचे मेसेज वाचून उठलो होतो, बोलणार कुठल्या तोंडानं? तिनं नागपूरचं, माहेरचं तिकीट काढलं. परतीचं काढलं नाही.

निघायच्या आधी आम्ही आत्याकडे गेलो.

"अरे गाढवा," आत्या म्हणाली, "ही पहिली चाचणी म्हणजे दारातलं कुत्रं. चोर आला तरी भुंकतं, पोस्टमन आला तरी भुंकतं. गरोदरपणात तर कधी कधी उगीचच. कोण आलंय ते दुसऱ्या चाचणीत कळतं. तोवर दोघंही चुप बसा."

पण रक्ताआधी तिनं आम्हाला एकेकट्याला आत घेतलं. नीट तपासलं. कुठे जखम झाली होती का, अंगावर चट्टे, दुसऱ्या कुणाशी संबंध... सगळं स्वच्छ विचारलं. आतलं बोलणं आतच राहील, हेही बजावलं. मी लगेच बाहेर आलो. वैशाली मात्र येईचना! भिंतीवरचं यकृताचं चित्र मला पाठ झालं. एवढं काय सांगत होती ती?

दुसरी चाचणी दोघांचीही निगेटिव्ह आली. "पोस्टमन होता," आत्या म्हणाली. "तिकीट रद्द कर गं. काही आठवड्यांनी पुन्हा बघू." तेव्हाही सगळं ठीक निघालं. लेक झाली, मोठी झाली. माझा संशय मात्र त्या बंद दाराशीच बसून राहिला. आत्याला किती वेळा खोदून विचारलं. ती नुसती म्हणायची, "चहा घेणार?"

तेराव्याहून परतल्यावर न राहवून मी वैशालीलाच विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "आत्यांनी विचारलं, दुसरीही पॉझिटिव्ह आली तर? मी म्हटलं, आधी दोघांना औषध द्या, बाळ वाचवा. ह्यांच्याशी भांडायला मला जन्म पडलाय. मग रडत बसले... आणि तुम्ही काय सांगितलंत?"

मी आत्याला एवढंच विचारलं होतं, चाचणीचं हे आईला कळेल का.

"चहा घेणार?" मी म्हणालो.