झारीच्या तळाचा पांढरा थर

गेल्या रविवारी सकाळी मुर्री गावातल्या आमच्या अर्ध्या एकरात, वांग्यांच्या वाफ्याशेजारी, माझे सविस्तर अधःपतन झाले. साक्षीदार एकच होती... पण ती पुरेशी होती.

पार्श्वभूमी निवेदन करणे क्रमप्राप्त आहे. प्रस्तुत लेखक गोंदियाच्या एका शाळेत संस्कृत शिकवतो. कृषिविषयक अधिकार शून्य, आत्मविश्वास मात्र विपुल. जमीन माझी, कसतात शेवंताबाई, पीक निम्मेनिम्मे.

गेली दोन वर्षे वांगी फुलावर आली की सकाळी ताठ असलेले झाड संध्याकाळी मान टाकायचे. मर रोग... मातीतल्या बुरशीचा प्रताप. यंदाही तेच झाले तर हा तुकडा सोडून राइस मिलमध्ये रोजीला जाईन, असे शेवंताबाईंनी मला अत्यंत शांतपणे सांगून ठेवले होते. त्या शांतपणानेच मी हादरलो.

मग मी अध्ययन आरंभले. शेणखतात निंबोळी पेंड मिसळायची, त्यात ट्रायकोडर्मा नावाची उपकारक बुरशी घालायची आणि ओल्या पोत्याखाली सावलीत मुरू द्यायचे. पुढे हा सज्जनांचा समुदाय मातीतल्या दुर्जनांचे निर्दालन करतो. रासायनिक औषधांच्या निषेधासह हा विषय मी शेवंताबाईंना पाऊण तास समजावला. त्या निंदण करता करता ऐकत होत्या. अखेरीस त्यांनी एवढेच विचारले की, म्हणजे खताला विरजणच लावायचे ना... पाऊण तासाचे व्याख्यान एका शब्दात मावलेले पाहून मी किंचित दुखावलो.

आठ-दहा दिवसांनी खतावर हिरवट-पांढरी बुरशी धरली. तिच्याकडे मी ज्या वात्सल्याने पाहिले, त्या वात्सल्याने माझ्या अपत्यांकडेही कधी पाहिल्याचे स्मरत नाही. खत वाफ्यात गेले, रोपे लागली, महिनाभर सर्व कुशल होते.

आणि एका सायंकाळी एका झाडाने मान टाकली. एकाच...

माझे तत्त्वज्ञान दुसऱ्या दुपारपर्यंत टिकले. शेवंताबाई नागऱ्याला लग्नाला गेल्या आहेत हे हेरून मी कृषी केंद्रातून बुरशीनाशक आणले आणि झारीने सबंध वाफ्याला यथासांग अभिषेक केला. रिकामे पाकीट धुऱ्यात, म्हणजे शेताच्या बांधात, पुरले. सज्जन बुरशी आणि दुर्जन बुरशी यांतला भेद त्या औषधाला कळत नाही, हा साक्षात्कार परतताना स्कूटरवर झाला.

पुढच्या पंधरवड्यात अकरा झाडे गेली. मी हवामानाला दोष दिला, बियाण्याला दिला, इटियाडोह धरणाच्या पाण्यापर्यंत पोहोचलो... वस्तुतः त्या पाण्याचा एक थेंबही आमच्या तुकड्याला येत नाही. शेवंताबाई मान डोलवत होत्या. मेलेली झाडे उपटून त्या ओळीत त्यांनी काही दिवसांनी नवी रोपे लावली.

तर, गेला रविवार. त्या नव्या ओळीला फुले आली होती, एकाही झाडाने मान टाकलेली नव्हती. सेंद्रिय मार्गाच्या अंतिम विजयावर मी बोलू लागलो. पाच-सात वाक्ये उत्तम साधली. तेव्हा शेवंताबाईंनी कोपऱ्यातली झारी उचलली आणि माझ्यासमोर उपडी धरली. तळाला वाळलेला पांढरा थर होता.

"गुर्जी, झारी धुवाची राहिली होती जी तुमची."

मी तो थर नखाने खरवडून पाहिला.

त्यांना लग्नाहून परतल्या दिवशीच कळले होते. औषधाचा जोर ओसरेपर्यंत त्या थांबल्या. पहिल्या खतातले एक घमेलेभर त्यांनी आधीच झाडाखाली झाकून ठेवले होते. त्यात ताजे शेणखत मिसळून, पुन्हा मुरवून, त्यांनी ते रोपांच्या बुडाशी दिले होते. ते का राखून ठेवले, असे मी क्षीण स्वरात विचारले.

"समदं विरजण कोणी एकाच दिवशी संपवते का जी?"

मी कबुली दिली. झारी धुतली, पुरलेले पाकीटही उकरून काढले. एका ओळीवरून शास्त्रीय सिद्धान्त मांडण्याचा माझा अधिकार आता उरलेला नाही, तरी ती ओळ उभी आहे एवढे नोंदवतो.

निघताना शेवंताबाईंनी त्या खताचे एक गाडगे माझ्या हाती दिले. "सावलीत ठेवजा. पुढच्या साली माझं सरलं, तर तुमच्याकडून नेईन." राइस मिलचे नाव त्यांनी काढले नाही... मीही नाही.

आमच्या घरात आता दोन विरजणे नांदतात, एक फ्रिजमध्ये, एक न्हाणीमागे. दुसऱ्यावर रोज सकाळी थोडे पाणी शिंपडतो... आणि प्रवचन न करता परततो.