कळकलेलं पाणी

धाराशिवच्या नव्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा तिथं डिस्टिल्ड वॉटरसाठी तांब्याचं एक यंत्र होतं. गावातल्याच तांबटानं ठोकून दिलेलं, आतून कल्हई केलेलं. त्याच पाण्यावर मी पीएच.डी.चं काम सुरू केलं. मार्गदर्शक हैदराबादला. भेट सुट्टीतच व्हायची, एरवी पत्रं.

काम डीएनएचं होतं. त्याचे दोन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात, म्हणून त्याचं द्रावण दाटसर असतं आणि काचेच्या बारीक नळीतून सावकाश उतरतं. तापवत नेलं की पदर सुटतात आणि द्रावण पातळ होऊन झरझर उतरतं. मॅग्नेशियमसारख्या धातूचे आयन असले, तर पदर जास्त उष्णता सोसतात. किती जास्त, ते मला मोजायचं होतं. खाटकाकडून बोकडाच्या गळ्याजवळची ग्रंथी आणायची, तिच्यातून डीएनए काढायचा आणि थर्मामीटर नि स्टॉपवॉच घेऊन बसायचं.

पण माझे पदर फार लवकर सुटत. मॅग्नेशियम घालूनही आकडे रोज निराळे. ग्रंथी बदलून पाहिली, मीठ बदललं. मार्गदर्शकांनी लिहिलं, 'तुमच्या हाताला अजून सफाई नाही.' मलाही ते खरं वाटलं. काम सोडून द्यावं, असं मनात घोळू लागलं.

अशात वसतिगृहाच्या भांड्यांना कल्हई करायला एक वयस्क मुसलमान जोडपं अंगणात येऊन बसलं. चाचा कल्हई लावत, चाची भाता ओढत. आलेच आहेत तर दाखवावं, म्हणून मी यंत्राचं झाकण नेलं; त्यालाच आतून वाफ लागून तिचं पाणी व्हायचं. चाचीनं आतून बोट फिरवलं.

"बाई, ह्याची कल्हई कवाच गेली. ह्यातलं पाणी पिता का काय?"

"पीत नाही चाची, प्रयोगाला वापरते."

"ह्यात ताक ठिवलं तर कळकंल. मग तुमचा प्रयोग कसा टिकंल?"

मी तशीच आत गेले. दोन बाटल्या पाणी चमचाभर उरेपर्यंत आटवलं आणि त्यात अमोनिया घातला. फिकट निळी झाक आली. पाण्यात तांबं उतरत होतं.

चाचांनी त्याच दुपारी झाकण उजळून दिलं. नव्या पाण्यात पदर हवे तितके टिकले. दुसऱ्या दिवशीही तोच आकडा आला. मी खुर्चीत बसून थोडी रडले. मार्गदर्शकांना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: 'हाताबद्दल लिहिलेलं मागे घेतो. आता तांबंच मोजा.' पुढं माझा अर्धा प्रबंध त्यावरच झाला. मॅग्नेशियम पदरांना बाहेरून सावरतं, तर तांबं आत शिरून त्यांची जोड सैल करतं.

प्रबंधाच्या आभारात मी त्या दोघांचा उल्लेख केला. मार्गदर्शकांनी तो तसाच ठेवला, याबद्दल त्यांचेही उपकार आहेत. दोघं पुन्हा आले, तेव्हा मी चाचीला ते वाचून दाखवलं.

"ह्यांचं बी लिवलंय न्हवं?" तिनं विचारलं.

"तुमचं आधी, त्यांचं नंतर."

चाचा खाली मान घालून हसले. चाचीनं मला शेजारी बसवलं आणि फडक्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.