निकेलचं विरजण

हे लिहायला परवानगी देताना बायकोने एकच अट घातली: कुणाचंही नाव यायला नको, तिचंही. त्यामुळे या मजकुरात एक बायको, एक मुलगी, एक दुकानदार, एक डॉक्टरबाई आणि एक पितळी पातेलं आहे. पातेल्याची परवानगी घेतलेली नाही.

बायको कुवेतमधल्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आहे. वीज साठवणाऱ्या उपकरणांत जे इलेक्ट्रोड असतात, त्यांवर लावायची निकेलची भुकटी बनवणं हे तिचं काम. भुकटीचा एकेक कण इतका बारीक लागतो की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही तो सापडत नाही. इतका बारीक कशाला, असं विचारल्यावर तिने स्वयंपाकघरात खडीसाखरेचा एक खडा आणि चमचाभर पिठीसाखर माझ्यासमोर ठेवली.

"वजन सारखंच. पण पिठीसाखरेला बाहेरची बाजू किती जास्त आहे बघ. वीज त्या बाहेरच्या बाजूवर साठते. कळलं?"

"कळलं."

"मग डबा बंद कर. मुंग्या येतील."

अडचण अशी की हे कण एकटे राहत नाहीत. तयार झाले की एकमेकांना बिलगून त्यांचे गोळे होतात, लग्नाच्या हॉलमध्ये एकाच गावचे पाहुणे एकाच कोपऱ्यात जमतात तसे. ते सुटे राहावेत म्हणून द्रावणात असं काहीतरी घालतात, जे प्रत्येक कणाभोवती बसेल. त्यासाठीची रसायनं बाजारात मिळतात. बायकोने आमसुलाचं पाणी सुचवलं. आमसुलातलं आम्ल हे काम करू शकेल, असा तिचा तर्क होता.

तिच्या विभागाच्या प्रमुख एक कुवेती डॉक्टरबाई आहेत, पीएचडीवाल्या. त्या हसतात तेव्हा चेहऱ्यावरून कळत नाही. "तुमच्या घरचं सरबत माझ्या निकेलमध्ये?" त्या म्हणाल्या. "एकदा करून बघा. सांडलं तर तुम्हीच पुसायचं."

बायकोने गुरुवारी संध्याकाळी घरीच आमसुलं भिजत घातली, शुक्रवारी आम्ही इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला समुद्रकाठच्या खैरानला गेलो, आणि रविवारी, म्हणजे इथल्या कामाच्या पहिल्या दिवशी, ती ते पाणी थर्मासमधून लॅबमध्ये घेऊन गेली. भुकटी काजळासारखी झाली. इलेक्ट्रोडने वीज अशी धरून ठेवली की डॉक्टरबाईंनी यंत्र तपासायला सांगितलं. यंत्र ठीक होतं.

त्यानंतर कोकम अधिकृत झालं. प्रकल्पाच्या कागदांवर त्याचं लॅटिन नाव आलं. काचेची भांडी, शुद्ध केलेलं पाणी, तोलून घेतलेली आमसुलं. आणि अधिकृत झाल्यापासून एकही भुकटी धड झाली नाही. दर वेळी गोळे. डॉक्टरबाई आवाज न चढवता म्हणाल्या, की वार्षिक आढाव्यापर्यंत पहिल्यासारखी भुकटी पुन्हा झाली नाही तर कोकम बंद. म्हणजे बायकोने सुचवलेलं हे पहिलंच काम बंद, आणि ती पुन्हा दुसऱ्यांचे नमुने मोजायच्या यंत्रापाशी.

तिने आमसुलांवर संशय घेतला. ती फहाहील भागातल्या एका दुकानातून येतात. दुकानदार रत्नागिरीकडचे; आमसुलं निकेलसाठी लागतात हे त्यांना ठाऊक आहे. घरून आलेलं मीठ, खोबरं आणि राजकारण या तिन्हींवर त्यांचं ठाम मत असतं.

"भाई, या वेळचा माल वेगळा आहे का?"

"तोच बागवाला, तेच झाड, वहिनी. माझ्या आमसुलाबद्दल आजवर तक्रार नाही. कढीची नाही, निकेलची तर नाहीच."

"मीठ जास्त लावलंय का?"

"तुम्हाला खायला हवीत की नोकरीला?"

"नोकरीला."

"मग मला काय विचारता? नोकरीला काय लागतं ते मला ठाऊक असतं, तर मी दुकान टाकलं असतं?"

तिने आमसुलं धुऊन पाहिली, न धुता पाहिली, पाणी बदललं, एकदा थर्माससुद्धा बदलून पाहिला. घरी जेवताना ती निकेलबद्दल असं बोलू लागली, जसं आई वाया गेलेल्या मुलाबद्दल बोलते. आढावा जवळ आला.

मग मंडळाची खैरानची दुसरी सहल आली. या सहलींचा एक रिवाज आहे: मिसळीसाठी ज्यांच्याकडे मोठी स्टीलची पातेली असतील त्यांनी ती आधीच द्यायची. आमच्याकडची सगळी जातात. परत आल्यावर सरबत लागेल म्हणून गुरुवारी आमसुलं भिजवायचं काम माझ्याकडे आलं. उरलेल्या एकमेव भांड्यात मी ती भिजवली आणि फ्रीजमध्ये ठेवली.

शनिवारी दुपारी सगळे उन्हातून आले. मुलीने पहिला घोट घेतला आणि सिंककडे धावली. "बाबा, टेस्ट्स लाइक कॉइन्स."

"नाटकं करू नकोस," बायको म्हणाली आणि स्वतः एक घोट घेतला. तिने तो गिळला नाही. ग्लास खाली ठेवून तिने विचारलं, "कशात भिजवलीस?"

"त्या पितळी पातेल्यात. बाकीची मंडळाकडे होती."

"त्याची कल्हई केव्हाच गेलीय. आत बघितलंस?"

"आत आमसुलं होती."

"कळकलंय हे सगळं."

आंबट पदार्थ कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू नये, हे आमच्या दोघांच्याही घरी लहानपणीच सांगितलेलं. भांड्यातलं तांबं पदार्थात उतरतं आणि तो कळकतो. कुवेतमध्ये कल्हईवाला आम्हाला सापडलेला नाही, म्हणून नाशिकहून आणलेलं ते पातेलं शोभेला ठेवलं होतं. मी बोलणी खायला तयार राहिलो. पण बायको पातेल्याकडे बघत उभी होती.

"पहिल्या वेळीही सहलच होती," ती म्हणाली. "स्टीलचं एकही घरात नव्हतं. प्यायची नव्हती म्हणून मीच यात भिजवली होती." मग मुलीला म्हणाली, "ते ओतू नकोस. झाकण आण."

रविवारी ते कळकलेलं सरबत लॅबमध्ये गेलं. भुकटी काजळासारखी झाली.

पुढचं तिने जेवताना वाटीतल्या दह्याकडे बोट दाखवून सांगितलं. द्रावणात धातू सुटा करणारं रसायन पडलं की विरघळलेलं तांबं निकेलच्या आधी पुन्हा धातू बनतं. त्याचे असंख्य इवले दाणे होतात आणि निकेल त्या दाण्यांवर जमतं. दाणे पुष्कळ, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला निकेल थोडं, म्हणून कण बारीक. "तांबं म्हणजे विरजण," ती म्हणाली. "इतके दिवस मी विरजणाशिवाय दही लावत होते."

तिने स्वच्छ आमसुलाच्या पाण्यात तांब्याचा क्षार चिमूटभर, मोजून घातला. जमलं. आमसूल वगळून नुसतं तांबं घातलं. गोळे. दोन्ही लागत होतं. आढाव्यापूर्वी तिने ते पुन्हा करून दाखवलं.

डॉक्टरबाईंनी पातेलं बघायला मागवलं. काचेच्या भांड्यांमध्ये ते ठेवल्यावर त्यांनी आतून बोट फिरवलं.

"हे धुता कशाने?"

"चिंचेने."

डॉक्टरबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "कोकम चालू राहील. तांबं यापुढे बाटलीतून. अहवालात पातेल्याचा उल्लेख करा, चिंचेचा नको. आणि हे घरी न्या."

घरी मी म्हटलं, की उन्हाळ्यात नाशिकला जाऊ तेव्हा कल्हई लावून आणतो.

"हात लावायचा नाही," बायको म्हणाली. पातेलं पुन्हा फळीवर गेलं, आणि सहलीला द्यायच्या भांड्यांतून एक स्टीलचं कायमचं वगळलं गेलं.

त्याच आठवड्यात ती फहाहीलला गेली. संशय घेतल्याबद्दल आधी माफी मागितली, मग मोठी खरेदी सांगितली.

"मग चूक होती कुणाची, वहिनी?"

"माझ्या पातेल्याची."

"फेकलं?"

"छे. त्याच्यामुळेच तर जमलं."

दुकानदाराने वजनकाटा पुढे ओढला. "या वेळी खायला की नोकरीला?"

"दोन्ही."

"मग वेगळं देतो. याचं त्यात नको जायला," ते म्हणाले, आणि एकाच पोत्यातून त्यांनी दोन पिशव्या भरल्या.