लालसूभाऊंचा डावा डोळा

तिसऱ्या बॅचच्या डिशमध्येही बुरशी धरली, तेव्हा मी इन्क्युबेटरचं दार आपटलंच. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बेडकाच्या पिल्लाच्या डोळ्यातली लेन्स, म्हणजे आतलं भिंग, काढली तर समोरच्या पारदर्शक पडद्यापासून नवी तयार होते. तो पडदा म्हणजे कॉर्निया. त्याचा तुकडा पोषक द्रावणात ठेवून डिशमध्ये लेन्स तयार होते का, हे मी बघत होते. याला टिश्यू कल्चर म्हणतात.

विभागप्रमुख म्हणाले, "मॅडम, पिल्लं पावसाळ्यापुरतीच मिळतात. या सीझनमध्ये नाही झालं तर प्रोजेक्ट गुंडाळा."

पिल्लं आणायचे लालसूभाऊ. सिंदेवाहीकडच्या जंगलातल्या गावचे म्हातारे शेतकरी. धानाजवळच्या बोडीतली, म्हणजे तळ्यातली, पिल्लं ते त्याच पाण्यासकट तुंब्यात भरून एसटीनं आणायचे. माझ्या प्लास्टिकच्या डब्यात निम्मी मरायची, त्यांच्या वाळल्या भोपळ्यात एकही नाही. भाऊंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, उजव्यात सुरू झालेला.

एकदा मी त्यांना मायक्रोस्कोपखाली पिल्लाची नवी लेन्स दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बेंडकीच्या पिल्लाले उगवते, तं माणसाले काऊन नाई?"

मी घाईत होते. "तेच तर शोधून राह्यले भाऊ," म्हणाले आणि कामाला लागले.

पुढच्या खेपेला कळलं की गावात मोतीबिंदूच्या कॅम्पची गाडी येऊन गेली आणि भाऊ गेलेच नाहीत. ते लोक आपलं भिंग काढून प्लास्टिकचं बसवतात, मॅडमचं तर तयार होत आलंय, असा त्यांचा हिशोब. मी त्यांना तिथल्या तिथे दवाखान्यात न्यायला हवं होतं. पण ऑपरेशन झालं की महिनाभर बोडीत उतरायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला पिल्लं हवी होती. "पुढच्या कॅम्पला जा," एवढंच म्हणाले.

पाचव्या बॅचला जमलं. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, पण स्वच्छ लेन्स. विभागप्रमुखांनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात भाऊंच्या सुनेचा फोन आला. डोळा लालभडक झालाय, डोकं ठणकतंय, चार दिवस अन्न नाही.

मी गाडी करून त्यांना हॉस्पिटलमध्ये आणलं. डॉक्टरांनी सांगितलं, मोतीबिंदू जास्त पिकून डोळ्यातला दाब वाढला, नस मेली. आता ऑपरेशननं दुखणं थांबेल, नजर येणार नाही. कॅम्पलाच आले असते तर वाचला असता. मी बाहेर आले.

ऑपरेशननंतर पट्टी बांधलेले भाऊ बाकावर बसले होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, डिशमधलं झालं म्हणते?"

"झालं."

"मंग उजव्याले तं येईन न माह्या?"

"नाही भाऊ. माणसाच्या डोळ्यात ते उगवत नाही. उजव्याचं ऑपरेशनच करायचं."

त्यांनी डाव्या डोळ्यावरची पट्टी चाचपली. मग म्हणाले, "आधी सांगतलं असतं."

माणसाच्या डोळ्यात हे होत नाही, एवढं सांगायला दहा सेकंद लागतात. आता मायक्रोस्कोप दाखवण्याआधी मी तेवढं सांगते.