एअरगनचा व्हॉल्व्ह

चाकणला पावडर कोटिंगच्या कारखान्यात मी कामाला. लोखंडी भाग आकड्यांना लटकवायचे, रंगाची भुकटी बसून भट्टीतून आले की उतरवायचे. शिफ्ट सुटली की सगळे एअरगनच्या हवेने अंगावरची भुकटी उडवायचे. घरी कसं स्वच्छ जायचं! उडालेली भुकटी कुणाच्या नाकात जाते, याचं कुणाला काय पडलंय?

माझ्या नाकात जायची. आधी बोटांच्या बेचक्या खाजून सोलल्या, मग धाप लागायला लागली, पोटही बिघडलं. नवरा वैतागला, "तीन दुखणी, आता तीन डॉक्टर!" सांगवीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, श्वासनळीत, कातडीत, आतड्यात मास्ट पेशी पहाऱ्याला बसलेल्या असतात. तुमच्या जरा तापट दिसतात, साध्या धुळीलाही चोर समजून बोंब ठोकतात, मग तिथं सूज येते. पोटाचंही त्यातलंच असेल, बघू. मला हसूच आलं. माझ्याच पेशी त्या, तापट नाही तर काय असणार!

बाईंनी ओढायचा पंप दिला आणि भुकटीपासून लांब राहा म्हणाल्या. मी सुपरवायझरला म्हटलं, एअरगन बंद करा, व्हॅक्यूम आणा.

"एवढ्या जणांत तुम्हालाच त्रास होतो ना, ताई? मग राजीनामा द्या, घरी आराम करा."

अस्सं! दुखणं इथं घ्यायचं आणि आराम घरी? माझ्या पगारावर पोरीचं कॉलेज चाललंय. असा संताप आला म्हणून सांगू! त्या दिवशी शिफ्ट सुटताना मी हवेच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला आणि त्याला पाठ लावून उभी राहिले.

"ओ ताई, बस जाईल राव!" पोरं ओरडली.

"जाऊ दे."

सुपरवायझर धावत आला. "बाजूला व्हा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मला धाप लागली होती. सगळ्यांदेखत पंप काढला आणि ओढला. लाजायचं काय त्यात? "उद्या येणारच," मी म्हटलं. "एकटीला त्रास होतो म्हणून काढतोय, हे सगळ्यांसमोर बोला."

माझ्याबरोबर भाग उतरवणारी निघोज्याची एक मावशी होती. कधी कुणाला उलटून बोलायची नाही. ती पुढं आली.

"एकटी न्हाई ती. मी बी पंप वडते, बाथरूमात जाऊन. घरी सुनंला सुदिक ठाव न्हाई."

मग तिनंही माझ्या शेजारी पाठ टेकली. "आता दोघींना काढ," म्हणाली.