पापडांसोबत गेलेली झांकी

राम राम मंडळी! बोलतेय मी, टाइप करतेय नात. चुका तिच्या, शहाणपण माझं.

आज सकाळी एक मुलगी घरी आली होती. इंदूरचे मिलवाले अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, काढायचे ना, त्यांचे जुने फोटो ती कंप्यूटरवर जपतेय. बाहेरून फिरायला येणाऱ्यांना ते फोनवर दिसतील म्हणे. तिने कालियाच्या फण्यावर डोलणारा कृष्ण दाखवला.

मी म्हटलं, "अगं, हा तर आमच्या ह्यांनी डोलवलेला! मिलमध्ये फिटर होते ते."

नातीने फोटोखालचं वाचलं, "कारागीर माहीत नाही."

मुलगी म्हणाली, "आजीजी, त्यांनी हाताने काढलेला झांकीचा एखादा नक्शा द्या, आजच नाव टाकते."

नक्शे होते की, पेटीभर! पण मिल बंद पडली तेव्हा मी पापड लाटून सियागंजच्या बाजारात द्यायचे, आणि पुडे बांधायला जाड कागद लागायचा. मला अक्षरओळख नाही, माझ्या लेखी त्या नुसत्या रेघोट्या.

हे म्हणाले, "एक तरी राहू दे."

मी म्हटलं, "मिलला ताला लागला, आता कृष्ण काय चौकात नाचवणार?"

मग हे स्वतःच कैंची घेऊन बसले आणि मला एकसारखे तुकडे कापून दिले.

आज मुलीला चहा पाजला, दुसरं काय देणार? कारागीर कोण ते मला पक्कं माहीत आहे, पण तिला कागद हवा.

तुमच्या घरी कोणी "एक तरी राहू दे" म्हटलं होतं का? तुम्ही ठेवलंत?