शेंदराखालचा नंबर

नांदेडच्या मिस्त्रीनं फोनवर पुन्हा तेच सांगितलं, "साहेब, नंबर पाठवा. नुसत्या फोटोवरून गिअरबॉक्स ओळखू येत न्हाई. तीन गिअरचा असो की चार गिअरचा, बाहेरून सारखाच दिसतोय." आमच्या गाडीसारखीच एक जुनी गाडी त्याच्याकडं भंगारात आली होती. उद्या ती कापायला जाणार होती.

मी लातूरहून उदगीरला धावत आलो होतो ते एवढ्याचसाठी. वडील अंथरुणाला खिळलेले आणि त्यांचा एकच धोशा, "एकदा माझ्या गाडीत बसवून गावातून फिरव, बस्स." गाडी दारातच उभी होती. गिअरबॉक्स मात्र दाते तुटले म्हणून कधीचा उतरवून ओसरीत ठेवलेला. माझा जीव नुसता खालीवर होत होता.

आता नंबर बघायला असं काय लागतं? पण आमच्या घरची तऱ्हाच न्यारी. दर खंडेनवमीला आई त्या धुडाला तेल-शेंदूर लावायची. थरावर थर बसून त्याचा पार म्हसोबा झाला होता. लोखंडावर कोरलेला नंबर आत कुठंतरी गाडला गेलेला.

मी पाना घेऊन खरवडायला बसलो तशी आई आडवी आली. "शेंदूर काढतोस? हे अंथरुणात असताना? हात लावू नको!"

"आई, देव न्हाई तो! लोखंड हाय, लोखंड!" मी ओरडलोच. तिकडं फोन वाजत होता आणि इकडं ही हलायला तयार नाही. डोकं भणभणलं माझं.

आतून वडिलांचा खोल गेलेला आवाज आला, "काढू दे त्याला. मी हाय तोवर काढू दे."

आई आत गेली. चुलीजवळचं उलथणं आणून, मला बाजूला सारून, स्वतःच खरवडू लागली. पडेल तो शेंदूर पदरात धरत होती. हळूहळू आकडे वर आले. मी फोटो पाठवला आणि लगेच मिस्त्रीचा फोन आला. "जुळला साहेब! ह्यो बी चार गिअरचाच हाय. तुमच्यासाठी काढून ठेवतो."

"बाबा, जुळला! आता फिरवतो तुम्हाला!" आतून ते हसले आणि बराच वेळ खोकत राहिले.

आई तशीच बसलेली, भरलेला पदर मुठीत धरून. हळूच म्हणाली, "आता ह्यांना काय होणार न्हाई ना रे?"

मघापासून माझं तोंड सारखं चालू होतं. आता मी खाली बसलो आणि जमिनीवर सांडलेला शेंदूर चिमटीनं वेचून तिच्या पदरात टाकू लागलो.